आठशे बारा वाक्यं

४ मार्च

वन्संना,

क्षेमकुशल शेवटी विचारीन, आधी रडगाणं. तुम्ही माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तरी नवऱ्याची बहीण म्हणून मी तुम्हाला अहो-जाहो करते आणि तुम्ही मला खुशाल अगं-तुगं करता. हा करार सव्वीस वर्षं चालला आहे. त्यातच कुठेतरी रडण्याचाही हक्क असेल असं धरून चालते.

तुमच्या दादांचं तोंड बंद पडलं आहे. खरं तोंड तीन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशननं बंद केलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हणतेय ते टेबलावरचं, तुम्ही स्वतःच्या हातानं जुळवलेला कॉम्प्युटर. परवा दुपारी वीज तीनदा गेली, तीनदा आली, आणि चौथ्यांदा विंडोज उठायचं नावच घेईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. मला वाचता येतात, अर्थ लागत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचं संस्कृतच्या बाबतीत रोज काय होत असेल ते आत्ता कळलं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं मान हलवली. "बाई, सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल. आतलं जाईल."

"आतलं म्हणजे माझा नवरा आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मग विचार करून कळवा."

त्या डोंगरावर ढग मोजता मोजता विसरला असाल तर आठवण करून देते. ऑपरेशनआधीच्या नऊ दिवसांत आम्ही दोघांनी त्यांच्या आवाजात आठशे बारा वाक्यं भरून ठेवली होती. यादी माझी, आवाज त्यांचा. एक वाक्य, एक फाईल, आणि फाईलला नाव नाही, फक्त आकडा. कोणत्या आकड्याला कोणतं वाक्य ते माझ्या निळ्या वहीत. तुम्ही तेव्हा हसला होतात, "वहिनीनं नवऱ्याचा सूत्रपाठ केला." हसा. त्याच सूत्रपाठावर हे घर तीन वर्षं चाललं. त्यांनी एक कळ दाबायची आणि खोलीत त्यांचा तो घाऊक बाजारातला, एकतीस वर्षं कोबी-बटाट्यांचे लिलाव पुकारलेला आवाज उमटायचा: "चहा गार झाला." मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "मग गरम असताना का नाही प्यायलात?" त्यावर त्यांच्याकडे तीनशे चारावं वाक्य तयार असायचं.

आता ते पाटीवर लिहितात. कालच्या सबंध दिवसात चार शब्द लिहिले. त्यातले दोन "पाणी" होते.

तुमच्याकडे नक्कल आहे, एवढ्याच आधारावर मी शुद्धीवर आहे. काय करायचं ते सांगा.

तुमची,
वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र काल जीपनं आलं. मी लगेच निघाले असते, पण या हवामान केंद्रावर आम्ही दोघंच असतो आणि दुसऱ्याचा घोटा मोडलाय. बदली माणूस येईपर्यंत केंद्र सोडता येत नाही. वायरलेसवर घरचं बोलायला परवानगी नाही. तेव्हा टपालावरच चालवू.

घाबरू नकोस. वाक्यं सुरक्षित आहेत. त्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क आहेत. मी जुळवताना मदरबोर्डवर त्यांची रेड जोडणी केली होती, आरशासारखी. जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. बिघडलंय ते विंडोज, वाक्यं नाहीत.

सोबत लिनक्सची सीडी पाठवतेय. आता नीट वाच. हे संस्कृत नव्हे, इथे प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ आहे आणि त्यावर भाष्य लिहायचं नाही.

कॉम्प्युटरची वायर काढ. बाजूचं झाकण उघड. खालची डिस्क सोडव, पंच्यात गुंडाळ आणि कपाटात ठेव. तिला हात लावायचा नाही. मग वरच्या डिस्कवर लिनक्स घाल. सीडी घालून चालू केलंस की ते स्वतःच विचारत जाईल. त्यातच एका ठिकाणी म्हणेल, या डिस्कवर जुन्या जोडणीची खूण आहे, पुसू का? हो म्हण. मदरबोर्डवरची ही जोडणी अस्सल नसतेच. बोर्ड नुसती चिठ्ठी लिहून ठेवतो, जोडण्याचं खरं काम विंडोज करतं. लिनक्सला ती चिठ्ठी बघून गोंधळायला होतं, म्हणून पुसायची. पडद्यावर मी लिहिलं नाही असं काही आलं तर तिथेच थांब आणि मला लिही.

सगळं झाल्यावर बंद कर, कपाटातली डिस्क परत लाव, चालू कर. तिच्यावर वाक्यं दिसतील.

दादाला सांग, चार दिवस पाटीवर शिव्या लिहून काढ.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

वन्संना,

आज्ञेप्रमाणे सगळं केलं. निदान केलं असं वाटतंय.

झाकण उघडायला पाऊण तास लागला. आत तीन वर्षांची धूळ आणि माझी एक केसांची पिन. ती तिथे कशी गेली त्याचं भाष्य लिहीत नाही, तुम्ही मना केलं आहे. खालची डिस्क पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवली. तुमचे दादा खुर्चीत बसून बघत होते. मी स्क्रू तोंडात धरला तेव्हा पाटीवर लिहिलं, "गिळू नको." लग्नानंतरचा एवढा कोमल उद्गार हाच.

मग तुमचं लिनक्स. मोठं सुशील पोर आहे हो. विंडोजसारखं न विचारता काही करत नाही, उलट विचारून विचारून जीव नकोसा करतं. भाषा कोणती, गाव कोणतं, घड्याळ कुठलं, घरधनी कोण. जुन्या जोडणीची खूण पुसू का, असंही विचारलं. हो म्हटलं. मग म्हणालं, या डिस्कवरचं सगळं जाईल, नक्की? इथे माझं बोट जरा अडखळलं. पण दुसरी कपाटात होती, आणि तिच्यामागे तुमची नक्कल होती. हो म्हटलं.

अर्ध्या तासात उठलं. स्वच्छ, निळं, आवाज न करणारं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "शाब्बास पंडित."

मग बंद करून कपाटातली डिस्क लावली आणि पुन्हा चालू केलं.

वन्सं, तिच्यावर काही नाही. म्हणजे डिस्क आहे असं ते म्हणतं, पण तिच्यावर काय आहे ते ओळखता येत नाही म्हणतं. वर विनयानं विचारतं, ही कोरी करून वापरायला घेऊ का? मी लिहिलं नाही असं काही आलं तर थांब, असं तुम्ही लिहिलं होतं. थांबले. पडदा अजून तसाच आहे. त्यावर मी टॉवेल टाकला आहे, त्यांना दिसू नये म्हणून. "लिनक्स अजून चाललंय, वेळ लागतो," असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

माझं काही चुकलं असेल. वायर उलटी लावली असेन. तुम्ही आता एवढंच करा, तुमच्याकडची नक्कल पाठवून द्या. चूक कुणाची ते मग सवडीनं बघू.

वहिनी

१८ मार्च

वहिनी,

कॉम्प्युटर ताबडतोब बंद कर. पडद्यावरच्या प्रश्नाला नाही म्हण आणि सरळ वायर काढ. पुन्हा चालू करू नकोस, बघण्यापुरतंसुद्धा नाही.

एका गोष्टीचं उत्तर दे. विंडोज चालू होतं तेव्हा डिस्क केवढी दाखवत होतं, अडीचशे की पाचशे? आणि मी गेल्यानंतर त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला होता का?

खरं सांग.

धाकटी

२२ मार्च

वन्संना,

पाचशे.

हे तीन अक्षरी उत्तर लिहायला दोन दिवस लागले. त्यात टपालाची जीप चुकली.

तुम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी पंखा घरघरायला लागला, म्हणून एका कारागिराला बोलावलं. तो दुकान बंद करून कधीच कुठे निघून गेला, म्हणून त्याला शोधू नका. त्यानं झाकण उघडलं तर आत दोन डिस्क, अडीचशे-अडीचशेच्या, आणि पडद्यावर दिसत होते अडीचशेच. मी म्हटलं, "उरलेली अर्धी जागा कुठे गेली?" तो म्हणाला, "बाई, आरसा आहे, दोन्हीवर तेच लिहिलेलं असतं." मला ते पटलं नाही. एकच पोथी दोनदा उतरवून दोन्ही एकाच कपाटात ठेवणारा माणूस शहाणा कसा? कपाटाला आग लागली म्हणजे? आणि मला जागा हवीच होती. कॉलेजातल्या पोथ्यांची छायाचित्रं मावत नव्हती. त्यानं दोनदा विचारलं, "नक्की?" मी त्याला व्याख्यान दिलं. मग त्यानं सगळं स्वतःच्या डिस्कवर काढून घेतलं, दोन्हींची मिळून एक मोठी केली आणि सगळं परत भरून दिलं. वाक्यं होती तशी वाजली. मी खूश.

त्याच्या डिस्कवर राहिली असतील असं आता मनात येईल तुमच्या. नाही. माझ्यासमोर, माझ्याच सांगण्यावरून त्यानं पुसली. घरातलं बोलणं परक्याच्या हातात नको म्हणून.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमची रचना मोडली म्हणून तुम्हाला वाईट वाटेल. आणि तुमच्या पत्रात आरसा वाचला तेव्हा? तेव्हाही कळवलं नाही. मनाला सांगितलं की मोठी केली तरी आरसा आरसाच राहिला असेल. मुलांनी परीक्षेत असं लिहिलं तर मी शून्य देते.

तेव्हा माझं पाप हे. आता तुमच्याबद्दल. मी दोनदा नकलेबद्दल लिहिलं. दोन्ही पत्रांत तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. का?

वहिनी

२४ मार्च

वन्संना,

परवाचं पत्र अजून पोचलं नसेल, त्याच्या पाठोपाठ हे.

मी काल सकाळी कॉलेजात होते. तुम्ही बंद करा म्हटलं होतं, मी बंद केलं होतं, पण वायर कुलपात ठेवायचं सुचलं नाही. त्यांनी स्वतः लावली आणि चालू केलं. मी दुपारी आले तेव्हा ते पडद्यासमोर बसले होते. लिनक्स उघडलेलं, स्वच्छ, निळं. सगळे कप्पे एकेक करून उघडून बघितले होते. आत काही नाही.

पाटीवर एकच शब्द होता. "गेली?"

मी म्हटलं, "छे, कुठे जातात? वन्संकडे नक्कल आहे, येतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षं ज्यानं व्यापाऱ्यांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखले त्याच्यासमोर मी खोटं बोलत होते. त्यांनी पाटी पुसली, उठले, गॅलरीत गेले आणि ती कुंड्यांच्या मागे ठेवून आले. मी परत आणून टेबलावर ठेवली. संध्याकाळी पुन्हा कुंड्यांच्या मागे.

तेव्हापासून पाणी हवं असेल तर स्वतः उठून घेतात. चहा गार झाला तर गारच पितात. मी मुद्दाम मीठ जास्त घातलं, मुद्दाम वर्तमानपत्र लपवलं. काही नाही. या घरात माझाच आवाज फिरून माझ्याच कानावर येतो. असं मी कधी ऐकलं नव्हतं, मध्ये नेहमी कुणीतरी खोडून काढायला असायचं.

वन्सं, नक्कल पाठवा. हात जोडते.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली.

माझ्याकडे नक्कल नाही. कधीच नव्हती.

कॉम्प्युटर मी ऑपरेशनआधीच जुळवून दिला होता. तो दवाखान्यातून घरी आल्यावर, इकडे निघताना, मी तुम्हा दोघांसमोर कोऱ्या सीडी बॅगेत टाकल्या. तू म्हणालीस, "झाली का नक्कल?" मी हो म्हटलं. आदल्या दिवशी करायला बसले होते. नीट वाजतात का ते बघायला शेवटून सुरुवात केली. एकच ऐकलं, आठशे बारावं. त्यानंतर मला पुढची सातआठशे ऐकायची छाती झाली नाही. डोक्यावरून पांघरूण ओढल्यासारखं सगळं बंद केलं. वाटलं, आरसा आहे, कुठे जातंय. नंतर करू. नंतर तीन वर्षं गेली. ते वाक्य काय होतं ते विचारू नकोस.

आणि दुसरं. आधी पाचशे की अडीचशे ते विचारायचं आणि मग डिस्क काढायला सांगायची, हे मी शिकाऊ माणसालाही दरडावून सांगते. तुला नाही विचारलं. मीच जुळवलंय ना, मला ठाऊक आहे, हा माज.

आता काय झालंय ते सांगते, म्हणजे तू भलतं काही मनात आणणार नाहीस. त्या कारागिरानं दोन डिस्कची एक केली म्हणजे असं: एखाद्या पुस्तकाची विषम पानं एकाकडे आणि सम पानं दुसऱ्याकडे दिली. वेग वाढतो, जागा दुप्पट होते, पण एकाचीही पानं गेली तर पुस्तक गेलं. आपण वरच्या डिस्कवर लिनक्स घातलं म्हणजे एकाच्या पानांवर नवं लिहिलं. कपाटातलीवर नुसती सम पानं आहेत, म्हणून लिनक्सला तिच्यात काही ओळखता येईना.

पण सगळं गेलेलं नाही. एक पान म्हणजे ठरावीक मापाची पट्टी असते. लहान फाईल कधीकधी सबंध एकाच पट्टीत मावते. अशी जी वाक्यं कपाटातल्या डिस्कवर पडली असतील ती पूर्ण आहेत. वरच्या डिस्कवरही लिनक्सनं थोडीच जागा खाल्ली असेल. तू आठशे बारा वाक्यं एकाच मोठ्या फाईलमध्ये भरली असतीस तर मी आज हे पत्र लिहिलं नसतं.

बदली माणूस शनिवारी येतो. त्याच जीपनं मी खाली उतरते. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या पंच्यांत गुंडाळून ठेव.

दादाला नक्कल नाही हे मी स्वतः सांगेन. तू सांगू नकोस.

धाकटी

१९ एप्रिल

वन्संना,

तुम्ही सुखरूप वर पोचलात हे तुमच्या चिठ्ठीवरून कळलं. घोटा मोडलेल्या गृहस्थांना शुभेच्छा.

तुम्ही जाताना दिलेला हिशेब मी वहीत उतरवून काढला. आठशे बारापैकी सबंध उरली तीनशे सदतीस, तुटकी दोनशे आठ, नष्ट दोनशे सदुसष्ट. खंडित पोथ्यांत आयुष्य गेलं माझं. कुणी एवढा भाग मूळचा मिळाला म्हणालं असतं तर मी पेढे वाटले असते. इथे तसं वाटत नाही.

तुम्ही त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलंत, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी वाजवत होते. तरी ऐकू आलं. तुम्ही रडलात तेही. मग ते उठून गॅलरीत गेले आणि पाटी घेऊन आले. काय लिहिलं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पाटी टेबलावर आहे, एवढं तुमच्यामुळे झालं.

आता उरलेल्यावर संसार चालू आहे. "चहा गार झाला" उरलं, "चहा छान झालाय" गेलं. म्हणजे न्याय कुठे आहे ते कळलं. "दार लाव" उरलं, "दार उघड" तुटलं. कळ दाबली की नुसतं "दार" म्हणतात आणि थांबतात. अशा ठिकाणी राहिलेला शब्द मी अध्याहृत धरते. शास्त्रात त्याला मुभा आहे. कधीकधी मुद्दाम चुकीचा धरते, म्हणजे ते चिडतील.

चिडत नाहीत. चिडायला त्यांच्याकडे काही राहिलेलं नाही. तुम्हाला आठवत असेल, वहीत पाचशे एकपासून पाचशे साठपर्यंत एक सबंध प्रकरण भांडणाचं होतं. त्यांनीच हट्टानं घालायला लावलं होतं. "तुझं नेहमीचंच आहे, पण या वेळी माझं ऐक" अशी लांबलचक वाक्यं. लांब म्हणून एकाही पट्टीत मावली नाहीत. साठच्या साठ गेली. मी एकटी भांडते, ते ऐकून घेतात. एवढा शहाणा नवरा मला नको होता.

आता मुद्द्याचं. तो लिहायला तीन पानं घालवली.

आठशे सहापासून आठशे बारापर्यंत सात आकड्यांपुढे माझी वही कोरी आहे. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी मला औषधाच्या दुकानात पाठवलं आणि दार लावून ती सात स्वतःच भरली. मी कधी ऐकली नाहीत. दुसऱ्याचं पत्र फोडू नये. पण तुम्ही वाचवलेल्यांची यादी तपासताना काल आठशे बारावं वाजलं. सातांतलं तेवढंच मिळालं आहे, तेही तुटकं.

"धाकटे, मी नसलो की हिच्याशी"

बस. पुढे खरखर.

मी पंधरा-वीस वेळा लावलं. मग त्यांच्यासमोर लावलं आणि विचारलं, पुढे काय? त्यांनी पाटीवर लिहिलं, "आठवत नाही." खडू हातातच होता. काही वेळानं पुन्हा लिहिलं, "खरंच."

खरं असेलही. तीन वर्षं झाली, मन थाऱ्यावर नव्हतं, बोललेलं विसरतं माणूस. पण मला त्यावर धड विश्वासही ठेवता येत नाही. वन्सं, तुम्ही ते ऐकलंत आणि तुमची छाती झाली नाही. त्यात असं काय होतं? मी रात्रंदिवस अध्याहार करत बसते. "हिच्याशी खरं बोलू नकोस." "हिच्याशी सांभाळून बोल, हिला अजून ठाऊक नाही." गेल्या महिन्यात तपासणीहून आले तेव्हापासून दवाखान्याची फाईल त्यांनी आपल्या खणात ठेवली आहे. आधी ती माझ्याकडे असायची. तुम्ही इथे सहा दिवस होतात. सहा दिवसांत माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाहीत. त्यांचा अर्धा आवाज मी मातीत घातला आणि तुम्ही मला "बस वहिनी, मी चहा करते" म्हणत होतात. तुम्ही कधी चहा केला आहे या घरात? माणसं इतकी गोड कधी बोलतात ते मला ठाऊक आहे.

आजार परत आला आहे का? त्या वाक्यात तेच होतं का? माझ्यापासून काही लपवायचं असेल तर निदान भांडून लपवा.

वहिनी

२५ एप्रिल

वहिनी,

आजाराबद्दल मला काही ठाऊक नाही. दादानं मला काही सांगितलेलं नाही. फाईल खणात का ठेवली ते तूच त्याच्यासमोर खण उघडून विचार. कुलूप नाही त्याला. तू तीन पानं मला लिहिलीस आणि खणापासून दोन हातांवर बसून राहिलीस.

वाक्य सांगते. विचारू नकोस म्हटलं होतं, कारण त्याची सुरुवात "मी नसलो की" अशी आहे. तो आहे. तो आहे तोवर ते काम माझं नाही, असं मी धरून चालले होते, आणि सांगितलं तर ते काम सुरू होईल अशी भीती. नक्कल केली नाही तीही त्याचसाठी. त्याला आठवत नाही म्हणतो ते मला खरं वाटतं. घाईत बोललेला आहे, मागे जिन्यावर तुझी पावलं ऐकू येतात.

"धाकटे, मी नसलो की हिच्याशी अधूनमधून भांडत जा. भांडायला कुणी नसलं की ही आजारी पडते. पहिल्यांदा तू हरशील. हरू नकोस."

एवढंच होतं. शब्द हेच, एकही इकडचा तिकडे नाही. तीन वर्षांत दुसरं काही माझं इतकं पाठ झालेलं नाही.

तो आहे, पण भांडणाची साठच्या साठ गेली म्हणतेस. म्हणजे काम आजपासून माझ्याकडे आलं. सहा दिवस गोड बोलले त्याची मला स्वतःलाच शिसारी आली होती. तर ऐक.

दोन डिस्कची एक करायला तुला कुणी सांगितलं होतं? त्या कारागिरानं दोनदा विचारलं, नक्की का, आणि तू त्याला व्याख्यान दिलंस. तुला ठाऊक काय होतं त्यातलं? पोथ्यांची छायाचित्रं मावत नव्हती तर तिसरी डिस्क घ्यायची होतीस. त्या पोथ्या तीनशे वर्षं टिकल्या आहेत, आणखी एक महिना थांबल्या असत्या. आणि माझ्या पत्रात आरसा असा शब्द वाचूनही तू गप्प बसलीस. आयुष्यभर कॉलेजात मुलांना शंका विचारा म्हणून शिकवलंस ना? मी नक्कल केली नाही, ते माझं. ते मी दादासमोर बोलले, तुझ्यासमोरही बोलते. पण तुझं तुला अजून एकदाही सरळ म्हणता आलेलं नाही. तू "पाप" म्हणालीस आणि पुढच्याच ओळीत माझ्या नकलेवर आलीस.

यावर काय म्हणणं आहे ते लिही. शास्त्रातले दाखले नकोत. जीप गुरुवारी येते.

धाकटी